गोळी खाऊन फोरहँड येतो का?

ज्यांना ऐकायला वेळ नसतो किंवा ज्यांचे इअरफोन बसमध्येच राहतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय टेनिस आणि डोपिंग. पण कोण दोषी, कोण निर्दोष याचा निकाल मी देणार नाही. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल, म्हणजे बघणाऱ्यांबद्दल. एखाद्याचं नाव डोपिंगमध्ये आलं की आमच्या टेनिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दहा मिनिटांत एक वाक्य पडतंच: "गोळी खाऊन फोरहँड येत नाही." अर्थात हे आवडत्या खेळाडूसाठी. नावडत्यासाठी दुसरं वाक्य तयार असतं: "मला आधीपासूनच वाटत होतं." दोन्ही वाक्यं मी स्वतः टाकलेली आहेत. त्यातल्या दुसऱ्या वाक्याने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं, तिथूनच सुरू करतो.

२९ जानेवारी २०१७. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलात. ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल, फेडरर विरुद्ध नदाल. आपल्याकडे रविवारची दुपार, मेसमधलं जेवण उरकून आम्ही आठ-दहा जण एका लॅपटॉपभोवती. मी फेडररवाला. म्हणजे किती? तर लॅपटॉपचा वॉलपेपरसुद्धा त्याच्या बॅकहँडचा. माझा रूममेट नदालवाला. तो कोल्हापूरकडचा, बारावीपर्यंत तालमीत गेलेला, म्हणून आम्ही सगळे त्याला पैलवानच म्हणायचो.

चौथा सेट नदालने घेतला, दोन-दोन झाले. नदाल दोनच दिवसांपूर्वी दिमित्रोवशी जवळजवळ पाच तास खेळून आला होता, ४ तास ५६ मिनिटं. फेडररची सेमीफायनल एक दिवस आधी झालेली, म्हणजे त्याला विश्रांती एक दिवस जास्त. तरी हा बाबा अजून पळतोच आहे. मला टेन्शन आलं आणि मी बोलून गेलो, "पळणारच ना. ते दंड बघा जरा. टेनिस खेळून असे दंड होतात का कुणाचे? सुई आहे सुई."

सगळे हसले. पैलवान उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. पाचवा सेट त्याने बघितलाच नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फेडरर पाचव्या सेटमध्ये १-३ ने मागे होता, तिथून सलग पाच गेम घेतले आणि ६-३ ने जिंकला. पस्तिसाव्या वर्षी, सहा महिने बाहेर बसून आल्यावर. मी खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो.

पैलवान रात्री परत आला. चिडलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं. म्हणाला, "पहाटे चारला उठून जोर-बैठका काढायचो मी. पंधराव्या वर्षी अंग दिसाय लागलं, तर गल्लीतली माणसं आईला विचारायची, पोराला इंजेक्शन देताय काय? आज तू तेच केलंस लेका." मग थोडं थांबून म्हणाला, "तुला बारावीला पंच्याण्णव टक्के पडले, तवा कुणी विचारलं का, कसली गोळी खाल्लीस म्हणून?"

मी सॉरी म्हटलं. पण मनातून म्हटलं नव्हतं. मनात मी म्हणत होतो, अरे, तुझी गोष्ट वेगळी आणि नदालची वेगळी.

वेगळी कशी, ते मला पुढची कितीतरी वर्षं सांगता आलं नाही. साधी तारखांची गोष्ट घ्या. नदाल २०१२ च्या विम्बल्डनमध्ये रोसोलकडून हरला आणि गुडघ्यासाठी साधारण सात महिने गायब झाला. परत आला आणि २०१३ मध्ये फ्रेंच आणि यूएस ओपन दोन्ही जिंकला. आम्ही फेडररवाले डोळा मारून म्हणायचो, "सात महिने नक्की गुडघाच ना?" फेडरर २०१६ च्या विम्बल्डननंतर गुडघ्यासाठीच सहा महिने गायब झाला, परत आला, पहिलीच ग्रँड स्लॅम जिंकला. आम्ही म्हणालो, "बघा, विश्रांती घेतली की क्लास कसा उजळून निघतो." पाचव्या सेटच्या आधी त्याने मेडिकल टाइमआउटही घेतला होता. तो आमच्या लेखी अनुभव. नदालने घेतला असता तर ती चालूगिरी झाली असती.

स्पष्ट बोलतो, नाहीतर कुणीतरी अर्धीच क्लिप काढेल: या दोघांपैकी कुणीही कधीही डोप चाचणीत दोषी ठरलेलं नाही. फ्रान्सच्या एका माजी क्रीडामंत्री, रोझलिन बाशलो, यांनी २०१६ मध्ये टीव्हीवर म्हटलं होतं की नदालची ती सात महिन्यांची दुखापत म्हणजे खरं तर पॉझिटिव्ह चाचणी लपवण्याचा प्रकार. नदालने कोर्टात खेचलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या कोर्टाने त्यांना दहा हजार युरो भरपाई द्यायला लावली. बातमी वाचून मला घाम फुटला. त्या बाईंनी टीव्हीवर जे म्हटलं, तेच मी हॉस्टेलच्या खोलीत म्हटलं होतं. फरक इतकाच की माझ्यावर केस करायला कुणाला परवडलं नसतं.

आता मूळ वाक्याकडे येतो. गोळी खाऊन फोरहँड येत नाही. हे खरं आहे का?

अक्षरशः घेतलं तर खरंच. फोरहँड शिकवणारं औषध कुठल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. पण इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगायला मला आवडत नाहीये. परीक्षेच्या आठवड्यात आमच्या हॉस्टेलात जागं राहायच्या गोळ्या फिरायच्या. कोण आणायचं, कुठून आणायचं, कुणी विचारायचं नाही. तिसऱ्या वर्षी मीही एकदा घेतली. त्या गोळीत डेटा स्ट्रक्चर्स नव्हते. पण गोळी घेतल्याने रात्रभर बसता आलं, आणि रात्रभर बसल्यामुळे डेटा स्ट्रक्चर्स आले. सकाळी पेपर चांगला गेला, तेव्हा सगळे काय म्हणाले? "हुशार आहे."

(तुम्ही घेऊ नका. मला नंतर दोन दिवस छातीत धडधडत होतं आणि आईला फोनवर खोटं बोललो ते वेगळंच.)

टेनिसमध्ये हेच होतं. स्टेरॉइड हाताला फिरकी शिकवत नाही. पण कालच्या सरावाने दमलेले स्नायू लवकर भरून काढतं, म्हणजे आज पुन्हा तितकाच सराव करता येतो. तोच फटका आणखी हजार वेळा मारता येतो, आणि हजार वेळा मारूनच तो फटका आपला होतो. रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध ड्रॉप शॉट शिकवत नाही. पण चौथ्या तासाला ड्रॉप शॉट मारायचा तर आधी चेंडूपर्यंत वेळेत पोचून, गुडघे वाकवून, दोन पायांवर स्थिर उभं राहावं लागतं. पाय पोचले नाहीत की मनगट कितीही गोड असलं तरी चेंडू जाळ्यात. आपण टीव्हीवर हात बघतो, कारण कॅमेरा हात दाखवतो. फेडररची सगळी जादू त्याच्या पायांत होती. तो कष्ट करताना दिसायचा नाही, म्हणून आम्हाला वाटायचं की तो कष्ट करतच नाही. नदाल घामाने निथळलेला दिसायचा, म्हणून त्याच्याकडे फक्त घामच आहे असं ठरवून टाकलं. त्याची ती डावखुरी फिरकी, व्हॉली, कोर्टवरचं डोकं, सगळं बाजूला.

म्हणजे आम्ही कौशल्य आणि ताकद अशी दोन खाती उघडून ठेवली होती. कौशल्याच्या खात्यातला माणूस स्वच्छ, ताकदीच्या खात्यातला संशयित. चाचणीचा कागद बघायची गरजच नाही.

आणि कागद बघितला तर हे खातेवाटप टिकतही नाही. पेत्र कोर्डा आठवतोय का कुणाला? माझ्या जन्माच्या आसपासचा खेळाडू, मी यूट्यूबवर बघितला. चेक, डावखुरा, काडीपैलवान, नजाकतीचा खेळ, जिंकल्यावर हवेत कात्रीसारखी उडी मारायचा. १९९८ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये त्याच्या चाचणीत सापडलं नॅन्ड्रोलोन. हे स्टेरॉइड आहे, दंड फुगवणाऱ्यांचं म्हणून आपण ज्याचं नाव घेतो ते. आपल्या शरीरात ते कसं आलं हे माहीत नाही, असंच तो म्हणत राहिला. पण माझा मुद्दा एवढाच की दंड बघून ओळखायचं म्हटलं असतं तर कोर्डावर कुणाचंच बोट गेलं नसतं.

दुसरं उदाहरण पैलवाननेच मला दिलं, नंतर कधीतरी. नदाल २००५ मध्ये पहिली फ्रेंच ओपन जिंकला तेव्हा समोर कोण होता? मारियानो पुएर्ता, अर्जेंटिनाचा. त्या फायनलनंतर घेतलेल्या नमुन्यात पुएर्ताच्या शरीरात एटिलेफ्रिन नावाचं उत्तेजक सापडलं. त्याची ही दुसरी वेळ होती, म्हणून आधी आठ वर्षांची बंदी, मग अपिलात ती दोन वर्षांवर आली. म्हणजे ज्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या दंडांवर आम्ही संशय घेत मोठे झालो, त्याने पहिली ग्रँड स्लॅम जिंकली ती पॉझिटिव्ह ठरलेल्या माणसाला हरवून. पैलवान हे सांगताना हसत होता. मी नव्हतो.

रिशार गास्केचं तर विचारूच नका. २००९ मध्ये त्याच्या चाचणीत कोकेन सापडलं. मियामीच्या एका क्लबमध्ये एका मुलीचं चुंबन घेतल्यामुळे ते शरीरात गेलं, असं त्याने सांगितलं आणि क्रीडा लवादाने ते मान्यही केलं. तेव्हा लोक चिडले नाहीत, हसले. मला आजही वाटतं, त्याचा एकहाती बॅकहँड इतका सुंदर नसता तर इतक्या प्रेमाने कुणी हसलं नसतं. शारापोव्हाच्या वाट्याला हे हसू आलं नाही. मेल्डोनियम १ जानेवारी २०१६ पासून बंदीच्या यादीत आलं, त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ती सापडली. दोन वर्षांची बंदी, मग अपिलात पंधरा महिने. बंदी योग्यच होती, यादी वाचणं तिचं आणि तिच्या माणसांचं काम होतं. पण लोकांनी तिथे न थांबता २००४ चं विम्बल्डनसुद्धा परत घेतलं. सतरा वर्षांच्या मुलीने सेरेनाला हरवलं होतं त्या दिवशी! त्याच्यावर एकदम फुली, आणि वर "तिला खेळता कुठे येत होतं, नुसती किंचाळायची." निकाल २०१६ चा लागला आणि आपण बॅकडेटेड एंट्री टाकली.

आता सिनर. इथे जरा थांबतो, कारण ग्रुपवर सर्वात जास्त भांडणं याच्यावरूनच झाली.

मार्च २०२४ मध्ये यानिक सिनरच्या दोन नमुन्यांत क्लोस्टेबोल सापडलं, तेही स्टेरॉइडच. प्रमाण पहिल्यात एका मिलिलिटरमागे ८६ पिकोग्रॅम, दुसऱ्यात ७६. पिकोग्रॅम म्हणजे काय हे मला आकड्यांत कळेना, म्हणून हिशेब केला. ऑलिंपिकच्या जलतरण तलावात पंचवीस लाख लिटर पाणी बसतं. त्या अख्ख्या तलावात हे प्रमाण आणायला साधारण ०.२ ग्रॅम पदार्थ लागेल. चिमूटभर मीठसुद्धा त्याहून जास्त भरेल.

त्याचं म्हणणं असं: फिजिओचं बोट कापलं, त्याने त्यावर इटलीत सहज मिळणारा एक स्प्रे मारला, त्यात क्लोस्टेबोल होतं, आणि त्याच हातांनी मसाज केला. स्वतंत्र न्यायाधिकरणाने हे मान्य केलं. तो निकाल मी पूर्ण वाचला. आमच्याकडे सर्व्हर पडला की 'हे का झालं' याचा जो रिपोर्ट लिहितात, अगदी तसा आहे. स्प्रे कधी घेतला, बोट कधी कापलं, मसाज कुठल्या दिवशी. तज्ज्ञ म्हणाले, इतक्या प्रमाणाने खेळावर काही फरक पडला नसता.

ग्रुपवरचा एक मित्र म्हणाला, "पण कमी सापडलं म्हणजे कमी घेतलं असं कुठे आहे? जास्त घेतलेलं उतरत आलेलं असेल." प्रश्न बरोबर आहे. एका क्षणाचं रीडिंग बघून ग्राफ वर जातोय की खाली येतोय, हे सांगता येत नाही. म्हणून तर आधीचे-नंतरचे नमुने आणि बाकी पुरावे बघावे लागतात. जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने अपील केलं, पण तिनेसुद्धा सिनरची कहाणी खोटी आहे असं म्हटलं नाही. तिचं म्हणणं, आपल्या माणसांच्या चुकीची जबाबदारी खेळाडूवरही येते. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये तडजोड झाली, तीन महिने बंदी.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. सिनरला प्रत्येक नोटिशीनंतर काही दिवसांत वकील उभे करता आले, तो खेळत राहिला. इगा श्वियाँतेक ऑगस्ट २०२४ मध्ये सापडली, तिने झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्यांत भेसळ होती हे सिद्ध करून दाखवलं, बंदी एक महिना. बरं झालं. पण ब्रिटनची दुहेरीतली खेळाडू तारा मूर २०२२ मध्ये सापडली, आणि दूषित मांसामुळे हे झालं हे न्यायाधिकरणाने मान्य करेपर्यंत दीड वर्षाहून जास्त घरी बसली. मग त्यावरही अपील झालं आणि २०२५ मध्ये लवादाने तिला चार वर्षांची बंदी दिली. या तिन्ही प्रकरणांतले पुरावे वेगळे आहेत, ते एका तराजूत घालू नयेत. पण पहिल्या दहातल्या खेळाडूला जो वेग मिळतो तो बाकीच्यांना मिळत नाही, हे डोळ्यांनी दिसतं. ग्रुपवर तारा मूरवर किती मेसेज आले? एकही नाही. तिचा फोरहँड आम्ही कुणी बघितलाच नव्हता, मग बाजू कशाच्या जोरावर घेणार?

आपल्याकडचं एकच सांगतो आणि पुढे जातो. २०१९ मध्ये पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं, खोकल्याच्या औषधातलं. बीसीसीआयने आठ महिने बाहेर बसवलं. तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर मामा म्हणाला, "कफ सिरप पिऊन कव्हर ड्राइव्ह येत असता तर मी नसतो खेळलो भारताकडून?" म्हणजे हे फक्त टेनिसवाल्यांचं नाही.

मग मी आता काय करतो? सिनरवर माझा विश्वास बसला, कारण निकाल वाचला. पण खरं सांगू, मला त्याचा खेळ आवडतो म्हणून मी निकाल वाचायला घेतला. नावडता असता तर हेडलाइनवरच थांबलो असतो. ही खोट अजून गेलेली नाही.

मागच्या वर्षी ८ जूनला, रविवारी, फ्रेंच ओपनची फायनल होती, सिनर आणि अल्काराझ. सिनर बंदीवरून परत येऊन महिनाच झाला होता. पैलवान आता चाकणला नोकरीला आहे, तो माझ्याकडे आला, येताना मिसळीचं पार्सल घेऊन. सिनरला चौथ्या सेटमध्ये तीन चॅम्पियनशिप पॉइंट मिळाले, तिन्ही गेले. मॅच पाच तास एकोणतीस मिनिटं चालली. शेवटच्या टायब्रेकमध्ये अल्काराझ १०-२ ने जिंकला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. ग्रुपवर लगेच मेसेज: "स्प्रे संपला वाटतं." खाली पाच-सहा हसरे चेहरे.

मी उत्तर टाइप करायला घेतलं, खोडलं, परत घेतलं. पैलवान म्हणाला, "सोड रे. साडेपाच तास उभा हाय त्यो. पाय बघ त्याचे." सिनर खुर्चीत बसला होता, मान खाली.

झोप तर उडालीच होती. मग मी लॅपटॉपवर २०१७ चा पाचवा सेट लावला. आठ वर्षं झाली होती, त्याने तो तोपर्यंत एकदाही बघितला नव्हता. मीही त्याच्यासोबत पुन्हा कधी बघितला नव्हता. ४-३ वर ती सव्वीस फटक्यांची रॅली येते. फेडरर शेवटी लाइनवरून फोरहँड मारतो, नदाल तिथेपर्यंत पोचून पोचून दमलेला. पैलवानने ती दोनदा मागे घेऊन बघितली.

"भारी खेळला रे तुझा म्हातारा," म्हणाला. आणि उरलेल्या मिसळीतलं फरसाण खाऊन टाकलं.

चला, भेटू पुढच्या शुक्रवारी.